विषय: शनिवारची पिकअप, चाकातून आवाज

नाना (चोडण), बुधवार रात्री
मंडळी, शनिवारी नाटकाचा सेट बेळगावला न्यायचाय आणि पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय. ४० च्या पुढे गेलं की घूंऽऽ सुरू, ६० ला काचा वर केल्या तरी ऐकू येतो. ब्रेक दाबला तरी तसाच, न्यूट्रलवर सोडली तरी तसाच. गॅरेजवाला सोमवारी ये म्हणतो. कुणाला कळत असेल तर सांगा. आणि गेल्या खेपेची ताडपत्री ज्याच्याकडे राहिलीय त्याने आणून द्यावी.

आप्पा (म्हापसा)
टायर. दुसरं काही नाही. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळापानांचं) सामान उतरवलं तेव्हाच मी पाहिले होते. आतल्या कडेवरून हात फिरवा, करवतीसारखे दाते लागतील. अलाइनमेंट बिघडली की टायर असाच झिजतो आणि असाच घुमतो. माझ्या जुन्या गाडीची दोन बेअरिंगं (ज्यांवर चाक फिरतं ती) मी उगाच बदलली, आवाज गेला तो नवे टायर घातल्यावर.

ताई (डिचोली)
आप्पा, टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो. नव्या हॉटमिक्स डांबरावर मऊ, खडबडीत रस्त्यावर मोठा. बेअरिंगला रस्त्याचं काही पडलेलं नसतं. नाना, तुमचा दोन्हीकडे सारखाच येतो का? नसेल सांगता येत, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घाला. आवाज मागे गेला तर आप्पा बरोबर.

दुसरं. मोकळ्या रस्त्यावर ५० ला गाडी हलकेच डावी-उजवी करा. डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उलट झालं तर डावं. नुसत्या कानावर जाऊ नका, चॅसिसमधून आवाज कुठलाही कुठे निघतो. २०१२ ला खाणी बंद पडेपर्यंत आमच्या दारात दोन ट्रक होते, त्यावर शिकलेलं आहे.

भाई (पर्वरी)
वाहतुकीचं काम समितीने माझ्याकडे दिलंय, तेव्हा आधी मला एक फोन आला असता तर बरं झालं असतं. मी दुसरा टेम्पो बघू शकतो. बेळगावच्या वाटेवर चोर्ल्याच्या घाटात चाक जाम झालं तर सेटचे फ्लॅट आणि नेपथ्यकार दोघंही दरीत.

खजिनदार
टेम्पोला या वर्षी तरतूद नाही. पिकअपची दुरुस्तीही मंडळाच्या नावावर येऊ नये, आपण नानांना डिझेल देतो, सुटे भाग नाही. ताडपत्री मात्र मंडळाचीच, वहीत नोंद आहे.

नाना
डिझेलचं नंतर बोलू. आज टायर मागे-पुढे केले. आवाज पुढेच. डावीकडे वळवली की वाढतो, उजवीकडे कमी. म्हणजे ताईच्या हिशेबाने उजवं? मला तर शपथेवर डावं वाटत होतं.

आप्पा
दाते होते की नाही ते सांगितलं नाहीत.

ताई
आता खात्री करून घ्या. मागच्या चाकांना दगड लावा, उजवं चाक जॅकवर उचला, टेकू दिल्याशिवाय खाली वाकू नका. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खटखट झाली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट बघावा लागेल. ३ आणि ९ वर हलत असेल तर ते स्टिअरिंगकडचं दुखणं. मग चाक हाताने फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खरखर बोटांना कळते, कानाला नंतर.

आणि एक विचारते. चोडण बेटावरून ये-जा करताना, फेरीबोटीत चढताना चाक पाण्यात जातं का?

नाना
भरतीला जातं की. रायबंदरच्या धक्क्यावर उताराचं टोक पाण्याखालीच असतं.

ताई
मग झालं. ब्रेक मारत आलेली गाडी, हब (चाकाचा मधला भाग, बेअरिंग त्यातच असतं) तापलेला. तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. तेही मांडवीचं, खारं. हब उघडलात तर ग्रीस पांढरं मिळेल. सील बदलल्याशिवाय नुसतं बेअरिंग घालू नका. तोवर घाटात न्यायची नाही.

भाई
मी पहिल्याच दिवशी घाटाचं म्हटलं होतं.

नाना, शुक्रवार संध्याकाळ
१२-६ वर हलत होतं, ब्रेक दाबल्यावर थांबलं. गॅरेजवाल्याच्या उंबऱ्यावर बसून राहिलो, शेवटी घेतली त्याने. ग्रीस कसलं, ताक होतं. आतलं बाहेरचं दोन्ही टेपर बेअरिंग, सील, नवी स्प्लिट पिन. नट आवळून पुन्हा किंचित सैल केला, घट्ट ठेवला तर नवंही जळतं म्हणाला. डावीकडचं धुऊन ग्रीस भरून घेतलं. पर्वरीपर्यंत ७० ने जाऊन आलो, आवाज नाही. सकाळी ५ ला निघतो. आप्पा, दाते होते. थोडे.

आप्पा
तेच म्हणत होतो.

खजिनदार
बिल पाठवू नये. ताडपत्रीचं काय झालं?

भाई
ताडपत्री माझ्याकडे आहे, सरपणावर घातलीय. पाऊस थांबला की काढून देतो.