मांडीतली डायलिसिसची नळी

ए-५०२ : बाबा आयसीयूत आहेत. काल किडन्यांनी काम थांबवलं म्हणून रात्रीच डायलिसिस सुरू केलं. नळी मांडीत घातलीय. मावशी म्हणते, मांडीत हमखास इन्फेक्शन होतं, मानेत घालायला लाव. डॉक्टरांशी बोलू का?

बी-१०१ : बोलाच. शी-शूची जागा तिथेच असते हो. आणि दर चार-पाच दिवसांनी नळी बदलून घ्या.

सी-३०४ : दादा, मी आयसीयूत डायलिसिसची नर्स आहे, म्हणून लिहिते. बोला जरूर, पण हट्ट धरू नका. फ्रान्समध्ये अशाच ७५० अत्यवस्थ रुग्णांवर मान की मांडी याचा अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेतल्या नळीमुळे इन्फेक्शनचा धोका कमी झाल्याचं दिसलं नाही. खूप वजन असलेल्यांत मात्र मांडीतल्या नळीवर जंतू जास्त आढळले. मानेत घालताना कातडीखाली रक्त साकळून गाठ होण्याचा त्रास उलट जास्त झाला.

ताई, ठरावीक दिवसांनी बदलूनही फायदा होत नाही. नवीन नळी म्हणजे पुन्हा नवीन टोचणं.

ए-५०२ : मग आम्ही बघायचं काय?

सी-३०४ : ड्रेसिंग. ड्युटीवर गेले की मी आधी चादर बाजूला करून तेच बघते. पारदर्शक पट्टीची कड सुटलेली, आत घामाचा ओलावा, टाक्याभोवती रक्ताची काळी कड, असं दिसलं की सात दिवसांची वाट न बघता लगेच बदलायचं. तुम्ही हात लावू नका, सिस्टरना दाखवा. कातडीवरचेच जंतू नळीच्या कडेने आत उतरतात आणि नळीच्या अंगाला चिकट थर धरून बसतात. एकदा तो थर जमला की नुसत्या अँटिबायोटिकने निघणं फार अवघड असतं.

डी-२०२ : ताप नाही म्हणजे सगळं ठीक ना?

सी-३०४ : नाही काका, इथेच फसायला होतं. सलग चोवीस तास चालणाऱ्या डायलिसिसमध्ये रक्त बाहेर फिरून गार होऊन परत येतं, त्यात ताप झाकला जातो. हुडहुडी भरली, बीपी अचानक उतरलं, पेशंट असंबद्ध बोलू लागला, तर लगेच सांगा. मग नळीतून आणि हातातून असं दोन्हीकडचं रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते तपासायला, पाठवतात.

बी-१०१ : आमच्या सासूबाईंना मशीन लावलं की थंडी वाजायची. आम्ही ब्लँकेट घालत राहिलो. चौथ्या दिवशी कल्चर केलं, तेव्हा कळलं. आजही मनाला लागतं ते.

सी-३०४ : ताई, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं ना.

दादा, रोज सकाळी राउंडला एवढं विचारा : ही नळी आज लागणार आहे का? अमेरिकेत मिशिगनमधल्या १०३ आयसीयूंनी हात धुणं, पूर्ण गाऊन-मास्क, कातडी पुसायला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणि नको झालेली नळी लगेच काढणं एवढं नेमाने केलं. १००० नळी-दिवसांमागे (एक नळी एक दिवस राहिली की एक नळी-दिवस) इन्फेक्शनचा मध्यक, म्हणजे आयसीयू क्रमाने लावले तर मधल्याचा आकडा, २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. शक्य तिथे मांडी टाळा, असंही त्यांच्या यादीत होतं, म्हणजे मावशी अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. पण ती यादी सगळ्या सेंट्रल लाइनसाठी, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळ्यांसाठी होती, फक्त डायलिसिसच्या नळीसाठी नाही.

ए-५०२ : आत्ता भेटून आलो. पट्टीची खालची कड सुटली होती. सिस्टरना दाखवली, त्यांनी लगेच बदलली. त्याच नळीतून तपासणीचं रक्त काढत होते, ते चालतं?

सी-३०४ : शक्यतो नाही. जितक्या वेळा टोपण उघडेल तितका धोका. डायलिसिसची नळी डायलिसिसलाच ठेवायची. सकाळी राउंडला हेही विचारा, आणि काय म्हणाले ते मला कळवा.