साइड व्हीलवाली जुनी स्कूटर: इंजिन रेज होतं पण गाडी ओढत नाही, दोनदा बेल्ट बदलून झाला

म्हसरूळवाली
नमस्कार, नाशिकमधल्या कुणाला साइड व्हीलच्या गाडीचा अनुभव असेल तर प्लीज सांगा. माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ आहे. मागच्या दिवाळीला मी सेकंड हँड 110 सीसी गिअरलेस स्कूटर घेतली, 2018 ची, कार्बोरेटरवाली, आधीच्या मालकाने मागे दोन्ही बाजूंना चाकं बसवून घेतलेली होती आणि आरसीवर तशी नोंदपण आहे. मीटरवर 31 हजार झालेत. रोज म्हसरूळ ते सातपूर नोकरीला जाते आणि माझं सगळं या गाडीवरच आहे, बस धरणं मला जमत नाही.

त्रास असा की अॅक्सिलरेटर पिळला की इंजिन जोरात ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी चालते, पण सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर, स्पीड ब्रेकर तिरका पार करताना, नाहीतर रस्त्याला बारीक खडी असली की हमखास होतं, आणि पावसात तर फारच. फिटर म्हणाले बेल्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा रबरी पट्टा) गेलाय, बदलला. चार महिन्यांनी परत तेच, परत बदलला, दोन्ही वेळचे मिळून 2200 रुपये गेले. आता म्हणतात इंजिन खोलावं लागेल.

दुसरं म्हणजे अर्धा-पाऊण तास चालवल्यावर गाडी सिग्नलला बंद पडते आणि पंधरा-वीस मिनिटं चालूच होत नाही, गार झाली की एका सेल्फमध्ये चालू. मागच्या आठवड्यात द्वारका चौकात भर ट्रॅफिकमध्ये बंद पडली, गाडी ढकलणं मला शक्य नाही, दोन मुलांनी बाजूला घेऊन दिली. खरंच इंजिन खोलायची वेळ आलीये का?

सिडको_हायवे
ताई बेल्ट लोकल टाकला असणार. कंपनीचा ओरिजिनल घ्या आणि सोबत रोलरचा (बेल्टच्या पुढच्या पुलीतली छोटी गोल वजनं) सेट बदला, हलके रोलर मिळतात ते टाकले की ओढ वाढते. इंजिन एवढ्यात खोलू देऊ नका.

पाथर्डी_फाटा_गॅरेज
ताई, मी 22 वर्षं गाड्यांचं काम करतो, साइड व्हीलच्या पण बऱ्याच केल्यात. हलक्या रोलरची घाई नको, त्याने सुरुवातीची ओढ वाढते हे खरं, पण इंजिन कायम जास्त फिरत राहतं, अॅव्हरेज पडतो आणि तुमचं तर आधीच तापतंय.

चांगला बेल्ट साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालतो. चार महिन्यांत गेला म्हणजे त्याला कुणीतरी मारतंय आणि ते न शोधता तिसरा टाकला तर तोही जाईल. किक कव्हर (बेल्टवरचं झाकण) खोलायला लावा आणि स्वतः समोर बसून बघा. आत काळी पावडर किती आहे, बेल्टच्या कडा काचेसारख्या चकाकतायत का, त्याला तेलाचा हात लागलाय का. क्रँकचं ऑइल सील नाहीतर मागचं गिअरबॉक्सचं सील झिरपत असेल तर बेल्ट तेलकट होऊन घसरतो, नवीन बेल्टपण महिनाभरात तसाच होतो. मग व्हेरिएटर, म्हणजे बेल्टची पुढची पुली, खोलून रोलर बघा, गोल असायला पाहिजेत, एका बाजूने चपटे झाले असतील तर ते अडकतात, पुढची पुली नीट मिटत नाही आणि बेल्ट वर चढत नाही. शेवटी क्लच शू आणि ते ज्याला आतून धरतात तो ड्रम. ड्रम आतून निळा पडला असेल तर क्लच घसरून तापलाय. साइड व्हीलच्या गाडीत हे जास्त दिसतं, कारण बाजूच्या चाकांच्या किटचं वजन आणि दोन जास्तीच्या चाकांची ओढ त्याच छोट्या इंजिनवर येते.

आणि काढलेला जुना बेल्ट मागून घ्या, तो कधीच गॅरेजमध्ये सोडू नका. नव्या बेल्टशेजारी ठेवून रुंदी बघितली की खरंच झिजला होता का ते दोन मिनिटांत कळतं.

कॅम्पातले काका
ताई, मी देवळालीचा, वय 61, माझ्याही पायाला पोलिओ आणि साइड व्हीलची ही माझी चौथी गाडी. गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, पण तुम्ही रॅम्प, तिरका ब्रेकर, खडी आणि पाऊस लिहिलंय ते वाचून मला वेगळीच शंका आली. बेल्ट घसरत असता तर सपाट रस्त्यावर सिग्नल सुटताना पण रोज घसरला असता. मला वाटतं तुमचं मधलं चाकच रस्त्यावर नीट टेकत नाहीये.

आपल्या गाडीत ओढणारं चाक फक्त मधलं, बाजूची दोन नुसती आधाराला. बाजूची खाली सेट झाली असतील किंवा मधला टायर झिजला असेल तर मागचं सगळं वजन बाजूच्या चाकांवर जातं आणि मधलं जागेवर फिरतं. रॅम्प सुरू होतो त्या मोडणीवर तर ते चक्क अधांतरी राहतं. गाडीवर बसलेल्याला आवाजावरून काही कळत नाही, बेल्ट घसरला काय आणि चाक फिरलं काय, इंजिन ओरडतंच.

घरीच बघता येईल. सपाट जागी गाडी बंद करा, चावी काढा, तुम्ही नेहमीसारखं सीटवर बसा आणि घरातल्या कुणालातरी मधलं चाक हाताने फिरवायला सांगा. इंजिन बंद असताना क्लच सुटलेला असतो त्यामुळे इंजिन त्याला अडवत नाही, अडवेल ते फक्त तुमचं आणि गाडीचं वजन. तुम्ही वर बसलेल्या असताना चाक हाताने जागच्या जागी फिरलं तर बेल्टचा दोष नाही. टायरच्या बाजूला खडूने एक रेघ मारा आणि रॅम्पवर कुणालातरी बाजूला, गाडीपासून लांब उभं करून बघायला सांगा, रेघ गरगर फिरतीये आणि गाडी जागेवर असं दिसलं तर प्रश्नच मिटला.

आणि ताई हे नुसतं ओढीचं नाहीये. बहुतेक किटमध्ये बाजूच्या चाकांना ब्रेक नसतो, मागचा ब्रेक लागतो तो त्याच मधल्या चाकाला. ते टेकत नसेल तर मागचा ब्रेक धरूनही गाडी थांबणार नाही. हे बघितल्याशिवाय पावसात बाहेर काढू नका, उतारावर तर अजिबात नको. मी 2009 साली वणीच्या गडावरून उतरताना याच कारणाने कठड्याला घासलो होतो, तेव्हापासून दर महिन्याला हे चाक फिरवून बघतो.

सिडको_हायवे
काका हे माहितीच नव्हतं, माझ्या मामांची अशीच गाडी आहे, आजच बघायला सांगतो.

म्हसरूळवाली
काका, काय लिहू कळत नाहीये. भावाला बोलावलं, मी सीटवर बसले आणि त्याने चाक दोन बोटांनी फिरवलं!! पूर्ण फिरलं. मग टायर बघितला तर मधला पार गुळगुळीत आणि बाजूचे दोन्ही नवेकोरे, आधीच्या मालकाने विकायच्या आधी फक्त बाजूचे बदलले असणार. म्हणजे माझे दोन्ही बेल्ट बहुतेक उगाच गेले. मागचा ब्रेक कमी लागतो हे मला पण जाणवायचं, मला वाटायचं माझाच हात कमी पडतोय.

पाथर्डी_फाटा_गॅरेज
काकांनी बरोबर पकडलं, मी आधी कव्हर खोलायला लावलं असतं. आता मधला टायर नवीन टाका आणि किटवाल्याकडून बाजूच्या चाकांची उंची सेट करून घ्या, पण तुम्ही स्वतः सीटवर बसलेल्या असताना, रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग उपयोगाचं नाही. सगळ्या टायरची हवा आधी बरोबर करून मगच. किक कव्हर मात्र तरीही एकदा खोला, चाक मोकळं फिरून अचानक रस्ता पकडतं तेव्हा बेल्टला आणि क्लचला झटका बसतो.

गरम झाल्यावर बंद पडण्याचं वेगळं आहे. हे इंजिन पंख्याच्या हवेवर गार होतं, उजव्या बाजूच्या जाळीत चिखल, पिशवी, कपडा काही अडकलंय का बघा, किटची पत्र्याची पट्टी जाळीसमोर येत असेल तर तेही बघा. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच पेट्रोल टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज येऊन गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नाही झालं तर प्लगला ठिणगी त्याच वेळी, गरम असतानाच बघायला पाहिजे, गार झाल्यावर ती येणारच. एअर फिल्टर कुणी कॉम्प्रेसरची हवा मारून साफ केला असेल तर तो बदलून टाका, तेलाचा हात दिलेला कागदी फिल्टर असतो तो, साफ करायचा नसतोच. आणि माझा जास्त संशय टॅपेटवर, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हच्या फटीच्या सेटिंगवर आहे. टॅपेट टाइट असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं आणि गाडी चालू होत नाही. पण ते पूर्ण गार इंजिनवरच सेट करायचं, तुम्ही सातपूरहून गाडी चालवत नेली आणि त्याने लगेच सेट केलं तर ते चुकीचंच होणार.

म्हसरूळवाली
जाळीत वाळलेला चिखल होता, भावाने काढला. टाकीच्या झाकणाने काही फरक पडला नाही. टायर काल टाकला, उंची किटवाल्याने मला सीटवर बसवूनच सेट केली, आता चाक हाताने हलत नाही आणि रॅम्प एका दमात चढली, मागचा ब्रेकपण पहिल्यांदाच असा धरला. किक कव्हर आणि टॅपेट राहिलंय. शनिवारी संध्याकाळी गाडी फिटरकडे ठेवून रिक्षाने घरी येणार आहे, रविवारी सकाळी ते गार इंजिनवर बघतील आणि मी समोर बसणार आहे. काय निघतं ते इथे लिहिते.