शब्दचर्चा : 'डब' म्हणजे काय आणि 'बेस'ला काय म्हणावे?

प्रश्न (खानापूर) : सर, नमस्कार. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मी एका परदेशी अल्बमचे परीक्षण लिहीत आहे. त्या संगीताचे वर्णन 'बेस-हेवी अर्बन डब इलेक्ट्रॉनिका' असे केले जाते. मी त्याचे 'दणदणीत, शहरी, डब केलेले इलेक्ट्रॉनिक संगीत' असे मराठी केले, तेव्हा अंक पाहणाऱ्या मॅडमनी विचारले की ते कोणत्या भाषेतून डब केले आहे. नेमके काय लिहावे, हे कृपया सांगावे.

उत्तर (बेळगाव) : मॅडमची शंका रास्त आहे. मराठीत 'डब करणे' हे चित्रपटांमुळे रुजले, आणि परभाषेतील चित्रपट कन्नडमध्ये डब करण्यास कर्नाटकात अनेक दशके विरोध होत राहिल्यामुळे आपल्या भागात तर त्या शब्दाचा हाच अर्थ पक्का झाला आहे. आपल्या वर्णनातील 'डब' हा मात्र जमैकातील एक संगीतप्रकार आहे. दोन्ही अर्थांचे मूळ एकच, म्हणजे ध्वनिमुद्रणाची दुबार प्रत काढणे. 'डबल'चेच ते आखूड रूप. पुढे मात्र वाटा फुटल्या. चित्रपटात मूळ आवाजाच्या जागी दुसरा आवाज बसवतात. जमैकातील डबमध्ये मूळ आवाज काढून घेतात आणि ती जागा बरीचशी मोकळीच ठेवतात. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, १९७०च्या दशकात किंग टबी, म्हणजे ऑस्बोर्न रडॉक, हे मुळात विद्युत उपकरणे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, रेगे या तेथील लोकप्रिय संगीतप्रकारातील तयार गाण्याचे गायन मिटवून ड्रम आणि बेस गिटार पुढे आणत, मध्येच गायकाचा एखादा शब्द येऊ देत आणि तो पडसादांत विरू देत. ध्वनिमिश्रणाचे यंत्र त्यांनी वाद्यासारखे हाताळले, हे त्यांचे मोठेपण मला फार मोलाचे वाटते.

म्हणून 'डब' हे नाम आहे तसेच ठेवावे आणि 'डब केलेले' टाळावे. 'डब संगीत' किंवा 'डब आवृत्ती' असे लिहिले की गैरसमज उरत नाही. जमैकात रेकॉर्डच्या मागच्या बाजूस अशा रचनेला 'व्हर्जन' म्हणत, त्यामुळे 'आवृत्ती' हा शब्द चपखल बसतो. उदाहरणार्थ, ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या गटाच्या १९९४च्या 'प्रोटेक्शन' अल्बमची डब आवृत्ती लंडनच्या मॅड प्रोफेसर यांनी १९९५ मध्ये 'नो प्रोटेक्शन' या नावाने केली.

आता 'बेस'. 'दणदणीत' हा शब्द मला मुळीच मान्य नाही. दणका आणि दणदणाट हे आवाजाच्या मोठेपणाचे शब्द आहेत, तर बेस हा आवाजाच्या खोलीचा गुण आहे, आणि मोठा आवाज व खोल आवाज यांतील फरक आपल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावी १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला, तेथे या गुणासाठी शब्द उसना घ्यावा लागू नये. तानपुऱ्याच्या शेवटच्या तारेला आपण खर्जाची तार म्हणतो, ती काही दणदणत नाही. आपण 'खर्जप्रधान' लिहावे. शिवाय 'बेस' असे देवनागरीत लिहिले की पाया या अर्थाचा 'बेस' वेगळा ओळखू येत नाही. 'खर्जप्रधान' वाचणाऱ्याची अशी गल्लत होणार नाही.

डबच्या परीक्षणात 'इको' आणि 'रिव्हर्ब' हे शब्दही आपणांस लागतील. शब्द सुटा सुटा पुन्हा ऐकू येत असेल तर 'पडसाद' लिहावे. नाद एकजीव होऊन रेंगाळत असेल तर 'घुमारा' लिहावे; सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके ज्यांनी ऐकले आहे, त्यांना घुमारा म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही.

'अर्बन'साठी 'शहरी' पुरेसे आहे. 'नागरी' लिहिल्यास आपल्याकडे पतसंस्था आणि सुविधा आठवतात. 'इलेक्ट्रॉनिका' व 'अल्बम' तसेच ठेवावेत. एकूण वर्णन 'खर्जप्रधान शहरी डब-इलेक्ट्रॉनिका' असे होईल.

पुरवणी (निपाणी) : सर, आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतील ध्वनियंत्रणेला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात आणि तरुण मुले 'डॉल्बीचा बेस' असेच बोलतात. त्यांना 'खर्ज' म्हणजे पहाटेचा रियाज वाटेल. दुसरे असे की कानापेक्षा छातीला अधिक जाणवणाऱ्या 'सब-बेस'साठी काय लिहावे?

उत्तर (बेळगाव) : बोलण्यात 'बेस' राहू द्यावा, माझा आग्रह लेखनापुरता आहे. लेखात पहिल्या वेळी 'खर्ज, म्हणजेच बेस' असे लिहिले की पुढे नुसता 'खर्ज' चालेल. मिरवणुकीचा तरुण वाचक डबपासून दूर आहे असेही मी मानत नाही, कारण डब वाढले ते किंग्स्टनच्या रस्त्यांवर आणि मोकळ्या अंगणांत उभ्या केलेल्या भल्यामोठ्या स्पीकरांसमोरच, आणि किंग टबी यांची स्वतःची अशी ध्वनियंत्रणा होती.

'सब-बेस'साठी 'अतिमंद्र' हा तयार शब्द आहे. साधारणतः ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० कंपनांच्या) खालच्या ध्वनीला सब-बेस म्हणतात. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर मध्य सप्तकाचा षड्ज, म्हणजे सा, सुमारे १३९ हर्ट्झवर येतो, मंद्र षड्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास, आणि त्याखाली अतिमंद्र सप्तक सुरू होते. पट्टी बदलली की हे आकडे बदलतील, म्हणून अचूक मापाची गरज असेल तेथे हर्ट्झचा आकडा सोबत द्यावा.