विषय: २ ऑगस्ट २०२७, नौपाड्याचा हॉल आणि ग्रहण

सचिव:
नमस्कार मंडळी,
आखातातून सुट्टीवर येणाऱ्या आपल्या मंडळींच्या मेळाव्यासाठी नौपाड्याचा हॉल सोमवार २ ऑगस्ट, दुपारी साडेतीन ते साडेसात असा मिळतोय. रविवार शिल्लक नाही. पण काल काकूंचा फोन आला, त्याच दुपारी सूर्यग्रहण आहे आणि ते ठाण्यातून दिसतं. वेळ बदलायची, तारीख बदलायची की आहे तसंच ठेवायचं? शुक्रवारपर्यंत हॉलवाल्यांना कळवायचंय. फक्त एवढ्यावरच लिहा. गेल्या वर्षीच्या जेवणाचा विषय संपला आहे.

काकू, नेरूळ:
मी फोनवर सगळं सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. त्या दिवशी दीप अमावस्या आहे, शिवाय सोमवती. ग्रहण चारच्या आगेमागे लागेल, म्हणजे मेळावा अगदी भर ग्रहणात. आमच्या घरी मोक्ष होईपर्यंत तोंडात पाणीही घेत नाहीत. संध्याकाळी समया, निरांजनं घासून पाटावर मांडायची, कणकेचे दिवे उकडायचे. साडेसातला नौपाड्यातून निघून नेरूळला कधी पोचणार आणि पूजा कधी करणार? वेळ बदलाच.

खजिनदार:
तारीख बदलली तर अनामत बुडेल. त्याच दिवसात वेळ पुढेमागे करायला ते तयार आहेत, मी विचारलंय. यापुढे हॉलवाल्यांशी बोलणं माझ्यामार्फतच व्हावं, दोन-दोन फोन गेले की ते भाव वाढवतात.

नाना, वर्तकनगर:
माझा आग्रह वेगळा आहे. ग्रहणाच्या वेळी पोरं एसी हॉलमध्ये बसलेली मला बघवणार नाहीत. मेळावा सकाळी उरका आणि चारला सगळ्यांनी एखाद्या गच्चीवर या.

हे २२ जुलै २००९च्या ग्रहणाचं पुढचं आवर्तन आहे. १८ वर्षं ११ दिवस आणि आठ तासांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ त्याच मांडणीत येतात. त्या जास्तीच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून तेव्हा सुरतेहून गेलेला खग्रासाचा पट्टा आता स्पेन, इजिप्त, सौदी, येमेनवरून जाणार. तेव्हाही दिव्यांची अवसच होती. ठाण्यात पहाटेपासून ढग होते. सूर्याचा बहुतेक भाग झाकला जाणार हे माहीत असून आम्ही नुसते आभाळाकडे बघत राहिलो. उजाडता उजाडता पुन्हा काळोखलं, एवढंच पदरात पडलं.

या वेळी आपल्याकडे सूर्याचा निम्म्याहून कमी भाग झाकेल, त्यामुळे काळोख होणार नाही. ढग असले तर ग्रहण होतंय हे कळणारही नाही.

भाऊ, मस्कत:
नाना, तुम्हीच उत्तर दिलंत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठाण्यात सूर्य दिसेल या भरवशावर कार्यक्रम आखू नका. दर वर्षी जून संपला की आपण सगळे गावी पळतो, आणि या वेळी नेमकं मस्कतचं आभाळ बहुधा मोकळं असणार, शिवाय सूर्य तिथे जास्त झाकलेला दिसणार. मी तिकीट ४ तारखेचं काढणार आहे. राहिलेल्यांनी माझ्याकडे यावं, गच्ची मोठी आहे. फक्त ओमानच्या दक्षिणेतल्या सलालाला जाऊ नका, पट्ट्याला जवळ असलं तरी तिथे खरीफचं, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचं, धुकं असतं.

ज्यांना खरोखर खग्रास बघायचंय त्यांनी इजिप्तमधलं लक्झर गाठावं. तिथल्या परिसरात ६ मिनिटं २३ सेकंदांपर्यंत सूर्य पूर्ण झाकलेला राहील. आपल्या ओळखीचे जे जेद्दाला आहेत ते घरबसल्या पट्ट्यात आहेत.

ताई, वाशी:
भाऊंचं पटत नाही. आई-वडील इथे वाट बघत असतात, ग्रहणासाठी सुट्टी दोन दिवसांनी कापायची? २५ ऑक्टोबर २०२२ला, लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधल्या दिवशी, आम्ही सगळे वाशीच्या मिनी सीशोअरला गेलो होतो. सूर्य ग्रहणातच मावळला. माझे सासरे पंचांगात ‘ग्रस्तास्त’ नेहमी वाचायचे, पण खाडीपलीकडे तो बघितला त्या दिवशी पहिल्यांदा. ढगांचं ज्याचं त्याचं नशीब. प्रयत्न तरी करू या.

चष्म्यांचं काय? गेल्या वेळचे माझ्याकडे आहेत.

नाना, वर्तकनगर:
ताई, ते चष्मे आधी दिव्यासमोर धरून बघा. चरा किंवा टाचणीएवढं भोक दिसलं तर फेकून द्या. नवे घेताना त्यावर ‘आयएसओ १२३१२-२’ छापलेलं हवं, आणि ओळखीच्या दुकानातूनच घ्या. चष्मा नसेल तर १४ नंबरची वेल्डिंगची काच चालते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, यातलं काहीही नको. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. भाजला तरी त्या क्षणी समजत नाही, आणि मुलांना तर नाहीच नाही. म्हणून मी गच्चीच्या जिन्यात स्वतः उभा राहीन आणि चष्म्याशिवाय कुणाला वर सोडणार नाही.

काकू, नेरूळ:
गच्चीचं तुम्ही ठरवा. माझी सून तेव्हा भारतात असली तर मी तिला बाहेर काढणार नाही, आत्ताच सांगते.

ताई, वाशी:
काकू, सुनेला न्यायचं की नाही हे तिच्यावर सोडा ना. माझ्या वेळी डॉक्टर म्हणाल्या होत्या, उपाशी मात्र राहायचं नाही. तेवढं तरी जपा. पंचांगातही गरोदर बायका, म्हातारे, मुलं यांना वेधात सूट दिलेली असते.

काकू, नेरूळ:
उपाशी कोण ठेवतंय? सुनेच्या खाण्यापिण्याचं मी बघते.

भाऊ, मस्कत:
दोन तारखा सगळ्यांनी लिहून ठेवा. २१ मे २०३१, बुधवार. केरळ आणि तमिळनाडूच्या दक्षिण भागातून कंकणाकृती ग्रहण आहे, मदुराई पट्ट्यात येतं. भर दुपारी, सूर्य डोक्यावर. ठाण्यात ते खंडग्रास, पण मे महिना असल्यामुळे दिसण्याची आशा पुष्कळ. दुसरं २० मार्च २०३४, पाडव्याच्या आदल्या दिवशी, लडाखमध्ये कारगिलच्या बाजूला खग्रास. मंडळाने सहल काढायची असेल तर मदुराईची काढावी. मेमध्ये आखातातल्या आपल्या मुलांच्या शाळा चालू असतात, त्यामुळे रजेचं आधीपासून बघावं लागेल. मी सगळं जमवायला तयार आहे.

खजिनदार:
२०३१च्या सहलीचा खर्च या वर्षीच्या खात्यात येणार नाही. हॉल सकाळी दहा ते दोन मिळतोय, भाडं तेच. पानं किती ते केटरर विचारतोय.

सचिव:
मग दहा ते दोन पक्कं. वेध पाळणाऱ्यांनी आपली नावं मला कळवा, त्यांची पानं धरणार नाही. चारला नानांच्या सोसायटीची गच्ची, पाऊस असला तर ज्याने त्याने आपापल्या घरी. नाना, सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

नाना, वर्तकनगर:
परवानगी माझ्याकडे लागली. नवे चष्मे किती मागवायचे ते रविवारपर्यंत कळवा. मुलांची संख्या वेगळी लिहा, त्यांना लहान मापाचे लागतात.