मदत हवी आहे: आसियान कराराच्या फेरआढाव्यासाठी काजूवाल्यांचं म्हणणं कसं मांडायचं?

नमस्कार मंडळी, आमच्या खानापूर भागात घरगुती काजू युनिट चालवणारे आम्ही काहीजण मिळून भारत-आसियान (आसियान म्हणजे व्हिएतनामसकट आग्नेय आशियातल्या देशांचा गट) व्यापार करारावर केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला सूचना पाठवायच्या म्हणतोय. करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, २०२३ ला फेरआढावा करायचं ठरलं, पण बोलतात ते मोठे निर्यातदार, बी फोडून गर सोलणाऱ्या आमच्या बायकांचं कोण सांगणार?

माझा मुद्दा असा की व्हिएतनाम आफ्रिकेतनं कच्ची बी आणून मशिनवर फोडतं आणि काजूगर विकतं. करारात ३५ टक्के मूल्यवाढ (मालाच्या किमतीतला तिथला वाटा) झाली आणि टॅरिफ कोड (कस्टममध्ये मालाचा ठरलेला नंबर) बदलला की माल तिथला, म्हणजे करारातल्या सवलतीच्या नियमात बसणारा धरतात, आणि बीचा कोड ०८०१३१, गराचा ०८०१३२, म्हणजे नुसती फोडली तरी कोड बदलतो. मग ३५ टक्क्यांचा हिशोब तपासतं कोण? आमच्या पाकळी-तुकड्याला आधीच गिऱ्हाईक कमी, त्यात हे.

कुणी असं निवेदन दिलंय का? मराठीत चालतं की इंग्रजीच लागतं? चंदगडकडच्या कारखानदारांनी पण सही केली तर बरं होईल, कुणाची ओळख असेल तर सांगा. सीए किंवा कस्टमचं काम करणारे कुणी मसुदा बघून देतील का?