‘हरकती व सूचना’: अर्थ वेगळे की नुसती जोडी?

प्रश्न : पर्यावरणविषयक नियमांच्या मसुद्यावर सरकार ‘हरकती व सूचना’ मागवते. दोन्हींत फरक आहे का? आमचा बारावीतला गट लिहून पाठवणार आहे. मतदानाचे वय झालेले नाही, तरी चालेल का?

उत्तर : फरक आहे. अमुक तरतूद नको, ही हरकत. त्याऐवजी काय हवे, ही सूचना. ईआयएचा (पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पाला परवानगी देण्याआधी त्याचे पर्यावरणावरचे परिणाम तपासणे) २०२० चा मसुदा घ्या. लोकसुनावणीआधी लोकांना म्हणणे मांडायला २००६ च्या अधिसूचनेत किमान ३० दिवस होते, मसुद्याने ते २० केले. ‘२० दिवस अपुरे’ ही हरकत. ‘३० दिवस ठेवा आणि पूर्ण अहवाल मराठीत द्या’ ही सूचना.

वयाचे म्हणाल तर जरूर पाठवा. ही अधिसूचना संसदेत मंजूर होत नाही. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयच ती काढते आणि मसुद्यावर ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणणे मांडू शकते.

आणखी एक : हिंदी मसुदा वाचत असाल तर जपून. हिंदीत ‘सूचना’ म्हणजे माहिती, आपल्या सूचनेला तिथे ‘सुझाव’. हिंदीत ‘हरकत’ म्हणजे कृत्य, बहुतेकदा वाईटच. आपल्या हरकतीला तिथे ‘आपत्ति’. (मूळ अरबी अर्थ हालचाल, गाण्यातली हरकत त्याच्या जवळची.) म्हणूनच मसुदा मराठीत हवा. २०२० चा मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच होता. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत अनुवाद करायला सांगितले आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांच्या गावात खाण येणार, त्यांनाच नियम वाचता येऊ नये, हे मला अजिबात पटत नाही.

त्याच मसुद्याविरुद्ध फ्रायडेज फॉर फ्युचर इंडिया या हवामानविषयक चळवळीच्या तरुणांनी ई-मेल मोहीम चालवली, तेव्हा दिल्ली पोलिसांनी त्यांच्या संकेतस्थळाबाबत यूएपीएचा (दहशतवादाविरुद्ध वापरला जाणारा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) उल्लेख असलेली नोटीस काढली. ती नोटीस नंतर मागे घेतली. हरकत मागवायची आणि ती पाठवणाऱ्यालाच धाक घालायचा, हे घोर अन्यायाचे होते.

मूळ प्रश्नकर्त्यास : ‘हरकत घेणे’ बोलण्यात चालते, अर्जात ‘हरकत नोंदवत आहोत’ लिहा. प्रत्येक हरकतीपुढे मसुद्यातला परिच्छेद क्रमांक द्या, खाली सूचना लिहा आणि पोच जपून ठेवा.