सासूबाई मेक्सिकन, घरात बाहेरची बाई नको म्हणतात. काय करू?

एलएची_सून:
नवरा मेक्सिकन-अमेरिकन, आम्ही ईस्ट लॉस एंजेलिसला राहतो. सासूबाई ७८ वर्षांच्या. सगळी हयात इथल्या शिवणाच्या कारखान्यात गेली, इंग्रजीवाचून कधी अडलं नाही. मधुमेह जुनाच, आता अल्झायमरची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाले. मेडिकेअर (वृद्धांचा केंद्र सरकारचा आरोग्यविमा) आणि मेडि-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठी कॅलिफोर्नियाचा) दोन्ही आहेत.

गेल्या महिन्यात बघते तर ओट्यापाशी उभ्या राहून तळहातावर गोळ्या मोजतायत. नऊ, दहा, अकरा. बाटलीवर इंग्रजीत ‘वन्स’, म्हणजे एकदा, लिहिलेलं. तेच स्पेलिंग स्पॅनिशमध्ये वाचलं की ‘ओन्से’, म्हणजे अकरा! आधी गोळ्यांचं सासरे बघायचे, ते गेले. मी हातातून काढून घेतल्या तर मलाच समजावतात, ‘‘मिहा, चिडू नकोस.’’ मिहा म्हणजे पोरी.

तीन नणंदा, एक दीर. रविवारी सगळे जेवायला हजर, भांडी माझ्याकडे. मदतनीस ठेवू म्हटलं की टेबलावर शांतता. ‘आईला परक्याच्या हाती द्यायचं?’ वृद्धाश्रमाचा तर शब्दही काढायचा नाही. (आपल्याकडे तरी काय वेगळं बोलतात म्हणा.) माझी नोकरी अर्धवेळ झालीच आहे. दवाखान्यात दुभाषी कोण, तर माझी १२ वर्षांची लेक. परवा डॉक्टर काहीतरी बोलले, ती क्षणभर गप्प झाली आणि आजीला म्हणाली, सगळं छान आहे.

निवृत्त_सिस्टर:
ताई, आधी लेकीला यातून सोडवा. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषा फुकट द्यावा लागतो, आणि जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान मुलाकडून भाषांतर करून घेणं नियमात बसत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच ‘स्पॅनिश दुभाषा’ म्हणून सांगा. गोळ्यांचंही तसंच. कॅलिफोर्नियात मागितलं तर फार्मसीला सूचना स्पॅनिशमध्ये द्याव्याच लागतात. पण मागावं लागतं.

व्हॅलीतला_काका:
मेडि-कॅल आहे ना? मग आयएचएसएसला, म्हणजे घरच्या घरी देखभालीच्या सरकारी योजनेला, अर्ज करा. सांभाळणाऱ्याला काउंटीमार्फत (आपल्या जिल्ह्यासारखं) तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि तो माणूस घरचा चालतो, सूनही चालते. म्हणजे परकं कुणी आलंच नाही! डॉक्टरांचा फॉर्म लागतो, मग सोशल वर्कर घरी येऊन तास ठरवते. त्या दिवशी घर चकाचक करू नका. आजी ‘मी सगळं माझं मी करते’ म्हणणार, त्या पिढीचा मानच तसा. तेव्हा तुम्ही शेजारी बसून अकरा गोळ्यांची गोष्ट सांगा. विसरण्यामुळे एकटं सोडता येत नसेल तर ‘प्रोटेक्टिव्ह सुपरव्हिजन’ (सुरक्षेसाठी सतत लक्ष ठेवणं) हे शब्द स्वतःहून उच्चारा. मेडिकेअरच्या भरवशावर राहू नका, नुसत्या रोजच्या देखभालीचे पैसे ते देत नाही.

स्पष्टवक्ती:
काका, माहिती पटली, पण सल्ला अर्धाच पटला. पगार सुनेच्या नावावर लागला की नणंदांना रान मोकळं. ‘तुला पैसे मिळतात ना?’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. आयएचएसएसमध्ये एकापेक्षा जास्त जणांत तास वाटून घेता येतात, तेव्हा नणंदांचीही नावं घाला. आणि १९९३ च्या फेडरल कायद्यातली १२ आठवड्यांची बिनपगारी रजा आईसाठी मिळते, सासूसाठी नाही! म्हणजे ती तुमच्या नवऱ्याने घ्यायची. कॅलिफोर्नियाच्या पगारी कौटुंबिक रजेत मात्र सासू बसते, वर्षात ८ आठवड्यांपर्यंत. वृद्धांना दिवसा सांभाळणारं केंद्रही मेडि-कॅलवर मिळू शकतं, विचारून बघा. आपण घराबाहेर जाण्यात परक्याच्या हाती दिल्यासारखं वाटत नाही, हे माझ्या आईच्या वेळी कळलं.

एलएची_सून:
रविवारी आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांडून टेबलावर ठेवलं. बराच वेळ कुणी हात लावला नाही. मग धाकट्या नणंदेने शनिवारावर नाव लिहिलं. दीर म्हणाला, मी गाडीचं बघतो (बघू). सासूबाई ऐकत होत्या. पैसे कोण देणार, विचारलं. काउंटी, म्हटलं. तर म्हणाल्या, ‘‘मग मी एवढ्या नातवंडांना सांभाळलं, त्याचे कुठे गेले?’’


अर्ज सोमवारी भरला.